जुनी बंदूक, जुनी नजर (भाग ७) : धूसर खाचेवर १८७९चा उतारा

गेल्या भागात विंचेस्टर १८७३ची लिव्हर कशी चालते ते पाहिलं. आता प्रश्न नेम धरण्याचा. अमेरिकेतल्या काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये तो फार जिव्हाळ्याचा आहे. १९८७मध्ये कॅलिफोर्नियात सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या धाटणीच्या बंदुका, तसाच पेहराव आणि पोलादी पाट्यांवर नेमबाजी, असा हा खेळ. साठी ओलांडलेल्यांसाठी त्यात वेगळे गट आहेत. त्यांची नजर उतरलेली असते आणि दुर्बीण लावली तर जुन्या काळाशी इमान राहत नाही.

अडचण नेमकी कुठे येते? विंचेस्टरच्या कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलीची, नळी २० इंचांची. दस्ता गालाला लावला की नेम धरायची मागची खाच डोळ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर येते आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, सव्वादोन फुटांवर. लक्ष्य त्याहून कितीतरी लांब. ही तिन्ही एका वेळी स्वच्छ कुणालाच दिसत नाहीत, अगदी विशीतही नाहीत. पण तरुण डोळ्याचं भिंग लवचीक असतं, ते क्षणात जवळून दूर जुळवून घेतं. चाळिशीनंतर ते ताठर होत जातं. पन्नाशीचा माणूस चष्म्याविना पेपर वाचताना हात लांब करतो. खाच तर त्याहूनही जवळ आणि तिला लांब सरकवता येत नाही. तिच्या कडा पुसट होतात, माशी मधोमध आहे की किंचित डावीकडे हे कळेनासं होतं. खाच रुंद केली, रंगवली, तरी उपयोग बेताचाच.

खरा उपाय त्या काळातच सापडतो. कनेक्टिकटमधल्या मिडलफील्डच्या विल्यम लायमन यांनी १८७९मध्ये टँग साइटचं पेटंट घेतलं. खटक्याच्या मागे, दस्त्याच्या मानेवरून जी पोलादी पट्टी जाते ती टँग. तिच्यावर एक दांडी उभी राहते, दांडीच्या टोकाला कडं आणि कड्यात छिद्र. ते डोळ्याच्या इतकं जवळ असतं की त्याच्याकडे पाहायचंच नाही, त्यातून पाहायचं. माशी छिद्राच्या मध्यावर आणण्याचं काम डोळा आपोआप करतो. खाच हिशेबातूनच गेली. शिवाय लहान छिद्र कडेचे किरण अडवतं, त्यामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात.

पडताळा घरीच घ्या. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून पेपरचा बारीक मजकूर वाचा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारातल्या रायफलींवरही मागे छिद्राचीच साइट असते.

मात्र छिद्र फार बारीक नको. सावलीत किंवा संध्याकाळी सगळं काळवंडतं आणि झटपट खेळात लक्ष्यच सापडत नाही. मोठं कडं वेगासाठी, बारीक छिद्र निवांत नेमासाठी. अंगठा दांडीत अडकतो, म्हणून तो मानेला विळखा न घालता उजव्या बाजूने सरळ ठेवावा. जबर धक्क्याच्या काडतुसाला मात्र टँग साइट नको, दांडी डोळ्यावर येऊ शकते. पितळी माशी उन्हात एका कडेने चमकते आणि नेम त्या चमकेकडे ओढला जातो. जुने नेमबाज मेणबत्तीच्या काजळीने ती काळी करत, आजही त्याहून स्वस्त उपाय नाही.

चष्म्याचंही पाहा. सव्वादोन फुटांवरच्या माशीसाठी दूरच्या नंबरात साधारण दीड डायॉप्टर मिळवावे लागतात, पण मग लक्ष्य विरघळतं. त्याच्या निम्मे, अर्धा ते पाऊण, मिळवले की दोन्ही निभतात. बायफोकलच्या खालच्या भागातून नेम धरायला जाल तर मान अवघडेल.

अस्सल जुनी बंदूक हाती असेल तर एक विनंती. कितीतरी जुन्या विंचेस्टरच्या टँगवर कारखान्यातच भोकं पाडून ती स्क्रूने बुजवलेली असत. आधी ती शोधा. नसतील तर शंभर वर्षांच्या पोलादाला ड्रिल लावू नका. नव्या प्रतिकृतीवर हौस भागवा. आणि टाचणीच्या भोकातूनही अक्षरं धूसरच दिसली, तर दोष नंबराचा नसून मोतीबिंदू किंवा पडद्याचा असू शकतो. साइट विकत घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जा.