अळंब्याचा काळेपणा

वांगें चिरून ठेवलें कीं घटकाभरांत फोडी काळवंडतात, म्हणून त्या मिठाच्या पाण्यांत टाकाव्या, हें आपल्याकडे प्रत्येक मुलीला आईकडूनच कळतें. पण बाजारांतून आणलेलीं पांढरीं अळंबीं बोटांच्या दाबानें तपकिरी झालेलीं दिसलीं, कीं तीच सुगरण "नासलीं मेलीं!" म्हणून तीं टाकून देते. मनुस्मृतीनें कवकास लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसवून द्विजांना वर्ज्य ठरविलें खरें. तथापि आतां कित्येक घरांत तें शिजूं लागलें आहे, तेव्हां त्याचा स्वभावहि जाणून घ्यावयास हवा.

हा काळेपणा बहुधा कुजण्याचा नसून जखमेचा असतो. अळंब्याच्या पेशींत फेनॉल जातीचीं रंगहीन द्रव्यें असतात, आणि टायरोसिनेज नांवाचें एक विकर, म्हणजे रसायनक्रिया घडवून आणणारें प्रथिन, असतें. एरव्हीं हीं दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत नांदतात. नख लागलें किंवा सुरी फिरली, कीं मधले पडदे फाटून दोघांची गांठ पडते. विकराच्या पोटांत तांब्याचे दोन परमाणु असतात. ते हवेंतील प्राणवायूस धरून फेनॉलाशीं भिडवितात. त्यांतून क्विनोन नांवाचीं द्रव्यें निघतात. हीं मोठीं चंचल. एकमेकांस चिकटत चिकटत शेवटीं त्यांचें काळें मेलॅनिन बनतें. आपल्या केंसांचा काळेपणाहि मेलॅनिनचाच, व तें घडविणारें विकर याच कुळांतलें! चहाची हिरवी पानें चुरडून काळीं करितात, तेथेंहि अशाच जातीचें विकर राबतें. पण चहापुढें कोणी नाक मुरडीत नाहीं.

रसुला निग्रिकन्स नामक अळंबें चिरलें असतां आधीं लाल व मग काळें होतें. त्याचें कारण शोधतांना फ्रान्समधील बुर्केलो व बर्त्रां यांना १८९५ च्या सुमारास हें विकर सांपडलें.

बाजारांतील अळंबें मूळचें तपकिरीच. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील एका मळ्यांत पांढरा वाण अकस्मात् उगवला, आणि गिऱ्हाइकांना तोच आवडला. त्याच प्रांतांतील विद्यापीठांत यिनाँग यांग यांनीं क्रिस्पर तंत्रानें या विकराच्या सहा जनुकांपैकीं एक निकामी करून विकराचा जोर सुमारें ३० टक्क्यांनीं घटविला. २०१६ मध्यें तेथील शेतकी खात्यानें त्यास आपल्या नियंत्रणाची गरज नसल्याचें कळविलें. माल फुकट जाऊं नये हा हेतु चांगला. पण एवढा खटाटोप मुख्यतः डोळ्यांच्या समाधानासाठीं आहे, असें आम्हांस वाटतें.

रानांतल्या अळंब्यांची गोष्ट मात्र निराळी. तीं शिजवितांना चांदीचा चमचा काळा न पडल्यास निर्धास्त खावींत, हा अनेक देशांतला समज जिवावर बेतणारा आहे. चांदी काळवंडते ती गंधकानें. विषाची ती परीक्षा नव्हे. युरोपांतील अमानिटा फॅलॉइडीज हें प्राणघातक अळंबें कापलें तरी आंत पांढरेंशुभ्रच राहतें, आणि त्याचें विष शिजवूनहि जात नाहीं. उलट कांहीं बोलेटस जातीचीं अळंबीं कापतांच निळीं होतात, नि शिजवून आवडीनें खाल्लीं जातात.

खात्रीच्या दुकानांतून आणलेल्या अळंब्यांचे डाग तेवढे पाहूं नयेत. बोटाला बुळबुळीत लागलीं वा आंबूस वास आला, तर टाकावींत. चिरल्यावर लिंबू पिळावें. आंबटपणानें विकर मंदावतें, आणि त्यांतील क जीवनसत्त्व क्विनोनांना माघारीं फिरवितें. कढईंत चांगली वाफ बसली, कीं विकराचें काम तेथेंच संपतें.