नोंदवहीत न उमटणारा कर्करोग

अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्या आजाराचे नाव जाहीर केले, तेव्हा 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हा शब्दप्रयोग बहुसंख्य मराठी वाचकांनी प्रथमच ऐकला असेल. 'न्यूरो' या उपपदावरून हा मेंदूचाच विकार असावा अशी वदंता लगोलग पसरली, आणि 'न्यूरो'चा संबंध दर वेळी मेंदूशीच असतो असे नाही, हा खुलासा खुद्द रुग्णालाच करावा लागला. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. श्रद्धांजलीचे रकाने भरले. रोगाविषयीचे कुतूहल मात्र त्याबरोबरच ओसरले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकणे हे तसे धार्ष्ट्यच होय. परंतु या रोगाची निम्मी कहाणी मोजदादीची, किमतीची आणि साधनांच्या वाटपाची आहे, आणि तेवढ्यापुरता तो प्रांत आमचाही आहे.

जठर, आतडी, स्वादुपिंड, फुप्फुसे अशा अनेक ठिकाणी विखुरलेल्या काही पेशी मज्जापेशींप्रमाणे संदेश स्वीकारतात आणि ग्रंथींप्रमाणे संप्रेरके स्रवतात. त्यांच्यात उद्भवणारा हा कर्करोग. म्यूनिचचे विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली लहान आतड्यातील अशा गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे 'कर्करोगसदृश', असे नाव दिले. त्या निरुपद्रवी असतात असे त्यांना वाटले होते. या गाठी शरीरात पसरूही शकतात, हे १९२९ मध्ये त्यांनीच नमूद केले. पुढे नाझी राजवटीत, ज्यू असल्यामुळे, त्यांना पद सोडून इस्तंबूलला जावे लागले आणि तेथेच १९४४ मध्ये ते निवर्तले. दुरुस्ती झाली, पण नाव राहिले. आणि 'सदृश' या शब्दातील सौम्यपणा वैद्यकाच्या मनात कित्येक दशके रेंगाळला.

निदानाची अडचण अशी की हा रोग दुसऱ्या रोगांचे सोंग घेतो. चेहरा अचानक लाल होणे, वारंवार जुलाब, छातीत घरघर ही त्याची एक लक्षणमाला. पण लाली ऋतुनिवृत्तीच्या खाती जमा होते, जुलाब आतड्याच्या नाजूकपणाच्या आणि घरघर दम्याच्या. शिवाय आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते व तेथे गाठीने सोडलेल्या सेरोटोनिनचा निकाल लागतो. म्हणून रोग यकृतापर्यंत पोचेतो ही लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीमुळे रक्तातील साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याच्यावर अपस्माराचे उपचार सुरू होतात. रक्तातील क्रोमोग्रॅनिन मोजावे, तर आम्लपित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. अशा रीतीने योग्य तपासणी होईपर्यंत रुग्णाची वर्षे निघून जातात.

हा रोग दुर्मीळ आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे विधान किती खरे? अमेरिकेतील कर्करोग नोंदणीच्या आकड्यांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे १९७३ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे १.०९ नवे रुग्ण आढळत; २०१२ मध्ये ते ६.९८ झाले. रोग सहापटींनी फोफावला असा याचा अर्थ नव्हे. वाढ विशेषेकरून प्राथमिक अवस्थेतील गाठींमध्ये दिसते. म्हणजे दुर्बिणीच्या व सी. टी. स्कॅनच्या तपासण्या वाढल्या तसे पूर्वी न दिसणारे दिसू लागले, हे त्यामागचे एक मोठे कारण असावे. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात प्रवाह आणि साठा यांतला भेद आम्ही शिकवतो. येथे नव्या रुग्णांचा प्रवाह लहान आहे. परंतु संथ वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण वर्षानुवर्षे जगतात, त्यामुळे साठा मोठा होतो. त्याच अभ्यासात अमेरिकेतील अशा हयात रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ७१ हजार मानली आहे. वार्षिक नवे रुग्ण तेवढे पाहून रुग्णालयांची व औषधांची तरतूद करणे म्हणजे पावसाचे पाणी मोजून धरण विसरण्यासारखे आहे.

उपचारांचा इतिहास खरोखर उत्साहवर्धक आहे. शस्त्रक्रियेने गाठ समूळ काढता आली तर उत्तमच. अन्यथा, कॅलिफोर्नियात गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत १९७३ साली हाती आलेले सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक मदतीला येते. ते संप्रेरकांच्या स्रावाला लगाम घालते, पण रक्तात दोन-तीन मिनिटांतच विरते. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने पुढे त्याची टिकाऊ प्रतिकृती, ऑक्ट्रिओटाइड, घडवली. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनची जणू कुलपे असतात. त्यांत बसणाऱ्या किल्लीला गॅलियम-६८ जोडले तर पेट स्कॅनमध्ये गाठी उजळून दिसतात. ल्युटेशियम-१७७ जोडले तर तीच किल्ली किरणोत्सार गाठीच्या दाराशी नेऊन पोचवते. जे दिसते त्याच्यावरच प्रहार, असा हा विरळा योग आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वीस महिन्यांनंतर ल्युटेशियम घेतलेल्यांपैकी अंदाजे ६५ टक्के रुग्णांत रोग पुढे सरकला नव्हता. केवळ ऑक्ट्रिओटाइडची वाढीव मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. २०२१ च्या अंतिम हिशेबात एकूण आयुर्मानातील फरक सुमारे बारा महिन्यांचा निघाला, तथापि तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दुसऱ्या गटातील पुष्कळांनी नंतर हाच उपचार घेतला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता किमतीचा प्रश्न. अमेरिकेत १९८३ च्या कायद्यान्वये दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या रोगावरील औषधाला सात वर्षांची विक्रीची मक्तेदारी मिळते. त्या छत्राखाली २०१८ मध्ये ल्युटेशियमचे औषध बाजारात आले ते एका मात्रेस सुमारे ४७,५०० डॉलर या भावाने. आणि मात्रा लागतात चार. आपल्याकडील चित्र निराळे आहे, आणि त्याचे श्रेय बाजाराला नव्हे तर सार्वजनिक गुंतवणुकीला जाते. तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली, तेव्हा या उपचाराचा मागमूसही नव्हता. त्याच भट्टीत आज ल्युटेशियम-१७७ तयार होते, आणि परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारातील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रात ते रुग्णांना दिले जाते. हा मालही मोठा नाशवंत. साडेसहा दिवसांत निम्मा उरतो. गॅलियमचे तर ६८ मिनिटांतच अर्धे होते. त्याची साठेबाजी करता येत नाही, हा एक दिलासाच म्हणायचा! पण त्यामुळेच उपचाराची केंद्रे मोजक्या महानगरांत एकवटतात.

मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते नोंदीपाशी. या रोगावर ऑक्ट्रिओटाइडचा गाठीची वाढ रोखण्यास उपयोग होतो, हे सिद्ध करणारी जर्मनीतील चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अठरा केंद्रांनी सात वर्षे खटपट केली तेव्हा तिला ८५ रुग्ण मिळाले. दुर्मीळ रोगाच्या संशोधनात पैशापेक्षाही दुष्प्राप्य असतो तो नीट ओळखलेला आणि नोंदलेला रुग्ण. आपल्या देशाला नोंदणीची परंपरा नाही असे नाही. लोकसंख्येवर आधारित पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि ग्रामीण भागातील पहिली १९८७ मध्ये बार्शीला. पण आपल्या प्रसिद्ध कोष्टकांची मुख्य मांडणी अवयवानुसार असते: जठर, स्वादुपिंड, फुप्फुस. स्वादुपिंडाचा झपाट्याने मारणारा नेहमीचा कर्करोग आणि दहा-दहा वर्षे सोबत करणारी ही गाठ यांचा आकडा एकाच रकान्यात पडतो. ऊतीच्या प्रकाराची नोंद मुळात केली जाते. ती स्वतंत्र कोष्टकात दरवर्षी छापण्यास फारसा खर्च येऊ नये.

त्याआधीची पायरी सूक्ष्मदर्शकाखालची आहे. गाठ याच जातीची आहे हे ठरवण्यासाठी ऊतीवर खास रंजनक्रिया कराव्या लागतात, आणि केआय-६७ या खुणेवरून शेकडा किती पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत ते मोजावे लागते. तीनपेक्षा कमी, तीन ते वीस, वीसहून अधिक अशा तीन श्रेणींवर पुढचा सारा उपचार ठरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय सर्वत्र नाही. परंतु तपासणीसाठी काढलेला ऊतीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षे टिकतो. तो मागून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे, हे कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते. सोलापूरच्या वा चंद्रपूरच्या रुग्णाने मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी तो बोटाच्या पेराएवढा ठोकळा टपालाने पुढे जाऊ शकतो.