एका लिटर पेट्रोलमागे किती हंडे पाणी?

पेट्रोल पंपावर आता ‘ई20’ असे लिहिलेले दिसते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये 200 मिलिलिटर इथेनॉल. इथेनॉल हे अल्कोहोल आहे असे वर्गात सांगितले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मग गाडी दारू पिते का?” रसायन तेच, पण इंधनाचे इथेनॉल कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम इतर द्रव्ये मिसळतात, एवढे सांगून मुले हसतात आणि विषय संपतो. खरे तर पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: हे येते कुठून आणि त्याची किंमत कोण मोजतो?

आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. ते कमी व्हावे, म्हणून 2018 मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी 2030 चे होते, ते अलीकडे ओढून 2025-26 वर आणले गेले. उद्देश चांगलाच आहे. साखर गोदामात पडून राहण्यापेक्षा कारखान्याने इथेनॉल विकावे, हातात रोख पैसा यावा आणि शेतकऱ्याचे उसाचे बिल थकू नये, हा फायदा आपल्या भागातल्या अनेक घरांनी अनुभवला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण पाण्याचा हिशेब मांडून पाहा. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात म्हटले आहे की साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2860 लिटर पाणी लागते. ई20 मधले सगळे इथेनॉल असेच आले असे धरले, तर लिटरभर पेट्रोलमागे 572 लिटर पाणी झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर 38 हंडे! स्कूटरमध्ये तीन लिटर भरले तर शंभरावर हंडे. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच मराठवाड्यात ऊस उभा असतो. महाराष्ट्रात लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सर्वात मोठा वाटा पितो. इथेनॉलच्या बाबतीत ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथला बहुतेक ऊस पावसावर वाढतो, हे मात्र सांगायचे राहून जाते.

हिशेब थोडा न्यायाने करायचा तर एक फरक करावा लागेल. साखर पूर्ण काढून झाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून इथेनॉल केले तर पाण्याचा बहुतेक भार साखरेच्या खात्यावर जातो, कारण ऊस साखरेसाठी लावलेलाच होता. थेट रसापासून केले तर सगळा भार इंधनावर येतो. पाऊस कमी झाला की हा भार सरकारलाही जाणवतो. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडण्याच्या धास्तीने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली आणि त्यावर कोट्यवधी गुंतवलेल्या कारखान्यांची पंचाईत झाली. आभाळावर अवलंबून असलेले इंधन ते हेच.

मग मक्याकडे मोर्चा वळला. मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला 71 रुपये 86 पैसे देऊ लागल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे पेट्रोलइतकी ऊर्जा हवी असेल तर हा भाव शंभरापलीकडे जातो, तोही कर न धरता. शेतकऱ्याला मक्याचा भाव बरा मिळाला, हे खरे. पण कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मकाच असतो. मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने 2024 मध्ये तो मोठ्या प्रमाणात आयात केला. तेलाची आयात वाचवायची म्हणून धान्याची आयात करायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. अंडी आणि कोंबडी महाग झाली की त्याचे कारण किती घरांत उमगते?

यापूर्वी मोगली एरंडाचा प्रयोग झाला होता. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय येणाऱ्या या झाडाच्या बियांपासून डिझेल निघणार होते. झाड पाण्याशिवाय जगले, पण बिया भरपूर आल्या नाहीत. आज ते बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखे कुंपणालाच उभे आहे.

आता आशा आहे ती टाकाऊ काडीकचऱ्यावर. हरियाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल करायचे, अशी त्याची योजना. नऊशे कोटींहून अधिक खर्च आला. पेंढ्यातली साखर चिवट तंतूंत अडकलेली असते. ती सोडवायला महागडी विकरे लागतात. शिवाय पेंढा हलका आणि जागा खाणारा, महिन्याभरात गोळा करून वर्षभर साठवायचा. तरीही शेतात पेटवून धूर करण्यापेक्षा हा मार्ग बरा, असे मला वाटते. आपल्याकडे उसाचे पाचट असेच पेटवले जाते.

मात्र ‘टाकाऊ’ हा शब्द जपून वापरावा. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या कारखान्याच्या यादीत टाकाऊ असतात. मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी घरांत सिलिंडर संपला की चूल त्यांच्यावरच पेटते. कडबा तर जनावरांचा घासच आहे. कारखाना भाव देऊन हे सगळे उचलू लागला की पैसे जमीनमालकाला मिळतील. दुसऱ्याच्या शेतातून पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या मजूर बाईचे सरपण मात्र जाईल. तिला जळणासाठी काय द्यायचे, हे कारखान्याचा आराखडा करतानाच ठरवायला हवे.

ज्यांच्या दारात चार-पाच जनावरे आहेत त्यांच्यासाठी जुना गोबरगॅस अजूनही सर्वात स्वस्त जैवइंधन ठरतो. रोज सुमारे 50 किलो शेण घातले की दोन घनमीटरच्या संयंत्रावर छोट्या कुटुंबाचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो आणि उरलेली स्लरी खत म्हणून शेतात जाते.