मूल कोणाच्या मर्जीनं?

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि उत्तरेला दापोलीवर बोट ठेवा. तिथून समुद्राकडे सरकलात की मुरुड लागतं. हे जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, हर्णैजवळचं. दापोलीला लागूनच वणंद. आणखी उत्तरेला, मंडणगड तालुक्यात, आंबडवे. तीन लहान गावं. पण मूल कधी व्हावं, किती व्हावीत, मुळात व्हावं की नाही, हा प्रश्न भारतात माजघरातून उठून विधिमंडळात आणि तिथून एका राजकीय पक्षाच्या जाहीरनाम्यात पोचला, तो या गावांशी नाळ असलेल्या माणसांमुळे!

सुरुवात करू १८९१ पासून. त्या वर्षी मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी राधाबाई बाळंतपणात दगावल्या. मागे राहिला नऊ वर्षांचा रघुनाथ. आणि त्याच वर्षी, १४ एप्रिलला, महूच्या लष्करी छावणीत मूळच्या आंबडव्याच्या सुभेदार रामजींच्या घरी चौदावं अपत्य जन्माला आलं. त्याचं नाव भीमराव. पुढे हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं. भीमराव पाचेक वर्षांचा असताना त्याची आई भीमाबाईही गेली. पुढे त्याचं लग्न झालं ते वणंदच्या रमाबाईंशी. त्यांच्या पाच लेकरांपैकी चार कोवळ्या वयातच गेली.

या घरांवरच आभाळ कोसळलं होतं असं नाही. घरोघरी हेच चालू होतं. बाळंतीण गेली, तान्हं गेलं, की लोक कपाळाकडे बोट दाखवायचे आणि गप्प बसायचे. नवल हे, की यातली दोन मुलं मोठेपणी गप्प बसली नाहीत.

रघुनाथ गणितात हुशार. मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला, पुढे विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. या गणितज्ञानं १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. देशातलं पहिलं. आता जगाकडे पाहा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये असं केंद्र काढलं होतं, ते पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं मार्च १९२१ मध्ये. म्हणजे साम्राज्याच्या राजधानीत जे वर्ष, तेच मुंबईत! हाताशी सरकार नाही, संस्था नाही, पैसा नाही. सोबतीला फक्त पत्नी मालतीबाई. या जोडप्यानं स्वतः मूल होऊ दिलं नाही. जे लोकांना सांगायचं ते आधी घरात केलं.

त्या काळी सांगण्यासारखं ज्ञान तरी किती होतं? १९२१ मध्ये महिन्यातल्या नेमक्या कोणत्या दिवसांत गर्भ राहतो, हे जगातल्या कुठल्याच डॉक्टरला खात्रीनं ठाऊक नव्हतं. पाळीच्या आगेमागे दिवस जातात असंच अनेकांना वाटे. जपानच्या ओगिनो यांनी आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी, एकमेकांपासून हजारो मैल दूर बसून, याचा छडा लावला तो १९२० च्या दशकात, थोड्याच वर्षांच्या अंतरानं. गोळी यायला १९६० साल उजाडायचं होतं. मग उरतं काय? शुक्राणू आणि बीजांड यांची गाठच पडू द्यायची नाही, एवढंच. रबराची टोपी, निरोध, शुक्राणू मारणारी रसायनं. साधनं इतकी साधी, की दडपण त्यांच्यावर नव्हतंच. दडपण होतं त्यांच्याविषयी बोलण्यावर.

१९२१ ची जनगणनाही बघा. दुष्काळ, साथी आणि १९१८ चा जीवघेणा इन्फ्लुएंझा यांच्या तडाख्यात देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा किंचित घटली होती. माणसं फार झाली म्हणून आवर घाला, असं म्हणायला हे वर्ष सगळ्यात वाईट! लोकसंख्येचा विचार कर्व्यांनी केला नाही असं नाही. पण त्यांच्या मांडणीत बाईची तब्येत होती, बाईचं सुख होतं, बाईची इच्छा होती. हे शब्द उघड उच्चारण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. कॉलेज चालवणाऱ्यांना हे रुचलं नाही आणि प्राध्यापकी सोडावी लागली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं! वाचक पत्रातून आपले चोरून ठेवलेले प्रश्न विचारत आणि हा माणूस छापील उत्तरं देई.

त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. वकीलपत्र कोणी घ्यायचं? अशा आरोपीच्या शेजारी उभं राहण्यात ना पैसा, ना मान. वकील उभे राहिले ते डॉ. भीमराव आंबेडकर. तोवर महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या. देशभर नाव झालेल्या नेत्यानं हात राखून वागायचं म्हटलं असतं तर कोणी दोष दिला नसता. आणि या खटल्यातून एक मतही मिळणार नव्हतं. तरी ते लढले. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांच्या बाजूचा गाभा. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण मुरुड आणि आंबडवे यांची वाट इथे एक झाली.

बाबासाहेबांना हा विषय नवा नव्हता. १९२८ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूनं ते बोलले होते. आईला विश्रांती मिळणं यात साऱ्या देशाचं हित आहे आणि म्हणून खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळच्या गिरण्या कोकणातल्या माणसांनी भरलेल्या होत्या, हे रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे हक्काची दोन्ही टोकं त्यांच्या हातात होती. नको असेल तेव्हा मूल न होऊ देण्याचं, आणि हवं असेल तेव्हा ते सुखरूप होण्याचं.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक आणणारा, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेणारा हाच पक्ष. आणि त्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत एक ठराव मांडला. सरकारनं जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात! भाषण तयार केलं होतं बाबासाहेबांनी. ते स्वतः त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून रोहम यांनी ते सभागृहासमोर ठेवलं.

काय होतं त्या भाषणात? गरिबीचे, आरोग्याचे, मातामृत्यूचे मुद्दे होतेच. पण दोन वाक्यं अशी, की आजही वाचताना थबकायला होतं. पहिल्याचा आशय असा : बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर जन्मात एकाहून जास्त मूल जन्माला घालायला एकही पुरुष तयार झाला नसता. दुसऱ्याचा आशय त्याहून मोठा : कोणत्याही कारणानं का होईना, बाईला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणं तिला शक्य झालं पाहिजे, अपत्य होऊ द्यायचं की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या मर्जीवर असलं पाहिजे.

कोणत्याही कारणानं. सर्वस्वी स्त्रीच्या मर्जीवर. आणि साल कोणतं? १९३८! त्या काळी सभागृहात बाया मोजक्याच, मतदानाचा हक्कही साऱ्यांना नव्हता. म्हैसूर संस्थानानं १९३० मध्ये सरकारी संततिनियमन केंद्र काढलं होतं, अखिल भारतीय महिला परिषदेनं ठराव केले होते. तरी देशाच्या राजकारणावर छाप होती गांधीजींची, आणि त्यांना साधनं मान्य नव्हती, संयम मान्य होता. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन सँगरबाई त्यांच्याशी वाद घालून गेल्या. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले.

ठरावाचं काय झालं? फेटाळला गेला. सरकार काँग्रेसचं होतं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, आणि त्यांचा जन्म कुठला? रत्नागिरीचा! एका जिल्ह्याची माणसं प्रश्नाच्या दोन्ही अंगांना. पण सभागृहातला पराभव गावकीच्या बैठकीसारखा असतो. विषय एकदा पंचांसमोर निघाला की निकाल काहीही लागो, असा प्रश्नच नाही असं पुन्हा कोणाला म्हणता येत नाही. कामकाजाच्या छापील इतिवृत्तात ते भाषण आजही आहे.

आणि मग बायका स्वतः बोलू लागल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. हजारो जणी आल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि त्यांनीही संततिनियमनाची बाजू घेतली. लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देणं हा अपराध समजा, असं बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितलं. या चळवळीतल्या बायकांचा इतिहास विस्मृतीत गेला असता. तो धुंडाळून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिलं मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी. आणि ऊर्मिलाताई कुठल्या? पुन्हा रत्नागिरीच्याच!

आता येतो जाहीरनामा. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१–५२. बाबासाहेबांच्या पुढच्या पक्षानं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं, १९५१ मध्ये आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. शेती, उद्योग, परराष्ट्र धोरण यांच्या रांगेत संततिनियमनही बसलं होतं. लोकांमध्ये त्याचा जोरात प्रचार करू, देशात ठिकठिकाणी केंद्रं उघडण्याचा आग्रह धरू. समाजातल्या सगळ्यात तळाच्या माणसांचा पक्ष, पहिल्यांदाच साऱ्या प्रौढांना मिळालेला मताधिकार, आणि मतं मागताना हा विषय! पक्षाचा धुव्वा उडाला. खुद्द बाबासाहेब मुंबईतून हरले. मात्र १९५२ च्या डिसेंबरात पहिली पंचवार्षिक योजना संसदेसमोर आली, तेव्हा कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम तिच्यात होता. असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश ठरला.

पण जाहीरनाम्यातलं पुढचं वाक्यही वाचायला हवं. लोकसंख्यावाढ इतकी गंभीर आहे की याहून कडक उपायांचा पुरस्कार करायलाही पक्ष कचरणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. पाहिलंत? १९३८ च्या भाषणात मर्जी बाईची होती. १९५१ च्या वाक्यात चिंता देशाच्या आकड्याची आहे. साधनं तीच, केंद्रं तीच, प्रचार तोच. पण एकात ठरवते बाई, आणि दुसऱ्यात तिच्या वतीनं ठरवायला कोणीतरी वर बसलेला असतो.

हा फरक केवढा मोठा, ते पंचवीस वर्षांनी कळलं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. देशात असं करणारं पहिलं राज्य आपलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण सक्तीचा धसका लोकांच्या मनात इतका बसला की ‘नसबंदी’ हा शब्द वर्षानुवर्षं शिवीसारखा वापरला गेला. ज्या राज्यात बाईच्या मर्जीचं भाषण झालं, त्याच राज्यात मर्जी पुसणारं विधेयकही आलं.

दुसरी वाटही महाराष्ट्रातूनच गेली. राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. त्यात शेवटचा शब्द डॉक्टरांचा होता. मग २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाई विवाहित आहे की अविवाहित, यावरून या कायद्याखाली भेद करता येणार नाही. आपल्या शरीराचा निर्णय हा तिचा अधिकार आहे. रोहम यांनी सभागृहात उच्चारलेल्या वाक्याला देशाचा कायदा चौऱ्याऐंशी वर्षांनी जवळ येऊ लागला!

मग आता प्रश्न संपला का? आकडे बघा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात प्रत्येक स्त्रीमागे सरासरी अपत्यं १.७ निघाली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटली, अर्थात त्यात मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा वाटा मोठा. मागे गावं सांभाळतात त्या बायकाच. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, असं २०११ ची जनगणना सांगते. म्हणजे ‘फार माणसं झाली’ ही भीती आता या किनाऱ्यावर लागू नाही. पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. देशात नसबंदी केलेल्या विवाहित स्त्रिया सुमारे ३८ टक्के, आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, तरीही! वेणा बाईच्या आणि टाकेही बाईचेच.

म्हणून पुढच्या निवडणुकीत पक्षांचे जाहीरनामे हाती आले की कर्जमाफी आणि रस्ते वाचून झाल्यावर आणखी एक गोष्ट शोधा. बाळंतपण, गर्भनिरोधन, गर्भपात यांविषयी पक्ष काही म्हणतो का? म्हणत असेल, तर त्या वाक्याचा कर्ता कोण आहे, सरकार, नवरा, डॉक्टर की ती बाई? आणि वाक्यच नसेल, तर मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला विचारा. हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही. तो १९३८ सालीच आपल्या विधिमंडळात विचारून झाला आहे.