उजेड कोणाच्या चेहऱ्यावर?
सुधारक ओलवे यांच्या कृष्णधवल छायाचित्रांविषयी

१९८८ साली मी मुकुंदवाडीतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. वय सतरा-अठरा. दिवसा काउंटर सांभाळायचे आणि संध्याकाळी डार्करूममध्ये रोल धुऊन पासपोर्ट फोटो छापायचे. चिकलठाणा एमआयडीसीत नव्याने लागलेले कामगार, परीक्षेचे फॉर्म भरणारी मुले, लग्न जमवण्यासाठी फोटो काढून घेणाऱ्या मुली, हे आमचे गिऱ्हाईक. मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला एक युक्ती शिकवली. एन्लार्जरखाली कागदावर प्रकाश पडत असताना, तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची छोटी चकती चेहऱ्याच्या जागी दोन-तीन सेकंद हलवत धरायची. प्रकाश जिथे कमी पडतो तिथे कागद पांढरा राहतो. सावळा माणूस गव्हाळ होतो, गव्हाळ माणूस गोरा होतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते.

एकदा सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी ओळखपत्रासाठी फोटो काढायला आल्या. मी चकती जरा जास्तच वेळ धरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही कोन बाई काढली रं पोरा? मुकादम म्हनंल, दुसरीलाच धाडलं." मी हसलो. "चांगला आलाय मावशी," म्हणालो आणि पैसे घेतले. त्या फोटो पदराच्या गाठीत बांधून निघून गेल्या.

पुष्कळ वर्षांनी सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची छायाचित्रे पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही चकती. मी छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. डार्करूममध्ये हाताला जे कळले आणि नंतर वाचून जे जुळवत गेलो, त्याच्या आधाराने ही छायाचित्रे काय करतात आणि कशी करतात, एवढेच येथे मांडायचे आहे.

छायाचित्रकार आणि त्याचा विषय

ओलवे मूळचे अकोल्याचे. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. रोजच्या बातमीचे काम सांभाळून, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढायला घेतली. रस्ते झाडणारे, कचऱ्याच्या गाड्यांवर चढणारे, मॅनहोलमध्ये उतरणारे हे कामगार, त्यांची घरे आणि त्यांची कुटुंबे हा त्यांचा विषय. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' या नावाने हे काम देशाबाहेरही पोचले. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' छायाचित्र स्पर्धेतल्या चार मानकऱ्यांत ओलवे होते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुंबईच्या या कामगारांची संख्या ३० हजारांच्या घरात सांगितली जाते, आणि ते जवळजवळ सगळे दलित आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. कायम पगाराचा आणि राहत्या खोलीचा आधार यातून टिकतो हे खरे. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती येण्याची व्यवस्थाही त्यातूनच टिकते. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांच्या 'नरकसफाईची गोष्ट' या पुस्तकाने हे जग मराठी वाचकापुढे ठेवले होते. ओलवे यांनी तेच जग चेहऱ्यांसह दाखवले. वाचणे आणि चेहरा पाहणे यांत फरक असतो, आणि तो फरक बऱ्याच अंशी तंत्रातून येतो. म्हणून थोडे तंत्राकडे वळू.

मीटरचा करडा रंग

कॅमेऱ्याच्या मीटरला माणूस कळत नाही. समोरचे सगळे जग मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. त्या करड्यावरून सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, असे छायाचित्रणात मानतात. आता भर उन्हातला रस्ता डोळ्यापुढे आणा. त्याच्या मधोमध मॅनहोलचे काळे तोंड आणि त्यातून खांद्यापर्यंत वर आलेला, घाणीने माखलेला सावळा माणूस. मीटर उजळ रस्ता पाहतो आणि प्रकाश कमी करायला सांगतो. त्याचे ऐकले तर रस्ता नीट येतो आणि माणसाचा काळा ठिपका होतो.

फिल्मचा एक जुना नियम आहे : प्रकाश द्यायचा तो सावलीचा हिशेब करून. निगेटिव्हवर उजेड पडतो तिथे चांदीचे कण जमतात. अंधार असतो तिथला भाग पारदर्शक राहतो. जिथे चांदी जमलीच नाही, तिथला चेहरा डार्करूममध्ये कितीही कसब पणाला लावले तरी परत आणता येत नाही. म्हणजे मॅनहोलमधल्या माणसाच्या डोळ्यांत ओल दिसायची असेल, तर छायाचित्रकाराला जागेवरच ठरवावे लागते की रस्ता पांढराफटक झाला तरी चालेल, पण माणूस दिसला पाहिजे. ओलवे यांच्या छायाचित्रांत सावळे चेहरे सावळेच राहतात आणि तरीही त्यांवरची प्रत्येक रेघ वाचता येते. आमच्या स्टुडिओत चेहरा 'दिसणे' म्हणजे तो गोरा होणे असे.

हा पूर्वग्रह एका स्टुडिओपुरता नव्हता. कोडॅक कंपनी रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुना कार्ड देई, त्यावर कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' हेच नाव पडले. त्या चेहऱ्यावर रंग जुळले की यंत्र बरोबर चालते आहे असे मानत. काळ्यासावळ्या त्वचेचे त्यात काय होते, हे बराच काळ कोणी पाहिले नाही. कृष्णधवल फिल्मलाही पक्षपात करायला लावता येतो. माझी चकती हा त्याचाच पुरावा. पण तिथे तो पक्षपात कार्डावर आधीच छापलेला नसतो. तो करायचा की नाही, हे छापणाऱ्याच्या हातात राहते.

रंग गेला की काय राहते

घाणीचे रंगीत छायाचित्र पाहताना आपली नजर आधी पिवळ्या-हिरव्या रंगाकडे जाते, पोटात ढवळते आणि आपण पान उलटतो. किळस आली की पाहणे थांबते. जातिव्यवस्थेने या माणसांच्या बाबतीत शतकानुशतके जे केले तेच त्या क्षणी आपण करतो : घाण पाहतो आणि माणूस टाळतो.

रंग काढून घेतला की घाण करड्या छटांत उतरते. ती नाहीशी होत नाही. तिचा ओलावा, जडपणा, चकाकी सगळे शिल्लक राहते. पण तोंड फिरवायला लावणारा तिचा जोर ओसरतो आणि नजर चेहऱ्यापर्यंत पोचते. तिथे दुसरी गोष्ट ध्यानात येते. ओले अंग आणि ओला चिखल एकाच करड्या रंगाचे झालेले असतात. माणूस कुठे संपतो आणि घाण कुठे सुरू होते, हे रंगावरून ठरवता येत नाही. ते ओळखायला त्याचे डोळे, हात, गळ्यातला दोरा शोधावा लागतो. पाहणाऱ्याला असा शोध घ्यायला लावणे, हे मला या छायाचित्रांचे खरे काम वाटते.

छत्तीस फोटो

रोलमध्ये ३६ फोटो असत. रोल विकत घ्यायचा, तो धुण्याची रसायने विकत घ्यायची, आणि काय आले ते रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळायचे. त्यामुळे कामगारांसोबत जाणे, थांबणे, पुन्हा जाणे याला पर्याय नसे. सफाईचे काम पहाटे सुरू होते, उजेड अपुरा असतो. अशा वेळी ४०० एएसएच्या फिल्मकडून ८०० किंवा १६०० चे काम करून घेऊन ती जास्त वेळ धुण्याची रीत होती. चित्रावर कण दिसू लागतात ते त्यामुळे. तो खरखरीतपणा अपुऱ्या उजेडाची किंमत म्हणून येतो. शोभेसाठी तो कोणी आणत नसे.

या वाटेवर ओलवे एकटे नाहीत. अमेरिकेत लुईस हाइन हे शिक्षक १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या-खाणींतल्या मुलांचे फोटो काढत फिरले. आपल्याकडे सुनील जाना यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ टिपला. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण बायकांच्या कामाची कृष्णधवल छायाचित्रे काढली. या सगळ्यांत एक साम्य आहे : जे काम सगळ्यांना माहीत असते पण कोणी पाहत नाही, ते त्यांनी पाहायला लावले.

एक आक्षेप

कृष्णधवल छायाचित्रांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला उडवून लावता येत नाही. काळे-पांढरे म्हणजे जुने, अशी आपली सवय झाली आहे. मॅनहोलमधला माणूस करड्या रंगात दिसला की वाटते, असे पूर्वी होत असेल. जे चित्र जाब विचारायला काढले, ते आठवणीच्या कप्प्यात जाऊन बसते.

म्हणून या छायाचित्रांशेजारी तारखा ठेवाव्या लागतात. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. म्हणजे ओलवे हे काम करू लागले तेव्हा तो कागदावर होताच. गटारे आणि सेप्टिक टँक यांत सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवणारा दुसरा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला; महापरिनिर्वाण दिनी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायचा आदेश दिला. २०२३ मध्ये न्यायालयाने ती रक्कम ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत. मधल्या काळात कायम नोकऱ्यांची जागा कंत्राटाने घेतली. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लांबलेल्या लढ्यानंतर २०१७ मध्ये मुंबईतल्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. रंग करडा असला तरी काळ आजचाच आहे.

आपल्या शहरातला कचरा

हे मुंबईचे झाले. आमच्या शहराने कचरा जवळून पाहिला तो २०१८ मध्ये. त्या फेब्रुवारीत नारेगाव परिसरातल्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षांच्या ढिगाऱ्यांना कंटाळून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. औरंगाबादच्या चौकाचौकांत ढीग साचले. मार्चमध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात दंगल झाली. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कचऱ्याचे फोटो होते, रंगीत आणि स्पष्ट. माझ्याही होते. मुकुंदवाडीतल्या ढिगाचे मी आठ-दहा फोटो काढून ओळखीच्यांना पाठवले होते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ते फोटो पुन्हा उघडून पाहिले. ढीग आहे, कुत्री आहेत, प्लास्टिक आहे, धूर आहे. पण माणूस एकाही फोटोत नाही. अखेर तो ढीग कोणी उचलला, हे माझ्याकडच्या एकाही फोटोवरून कळत नाही. ओलवे यांच्या छायाचित्रांत कचरा येतो तो कायम कोणाच्या तरी डोक्यावर, खांद्यावर किंवा हातात. कचऱ्याचा प्रश्न आणि कचरा उचलणाऱ्याचा प्रश्न यांतले अंतर मला या दोन प्रकारच्या फोटोंतून समजले.

राहता राहिली त्या मावशींच्या फोटोची गोष्ट. चकतीने फक्त छापील कागद बदलतो, निगेटिव्हला ती हात लावत नाही. म्हणजे स्टुडिओच्या खोक्यात त्यांचा खरा चेहरा जसाच्या तसा होता. योग्य प्रकाश देऊन तो केव्हाही छापता आला असता. काही वर्षांनी रंगीत लॅब आली, डार्करूम बंद झाली. जुन्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्याला किलोवर विकल्या गेल्या. पोती रिक्षात मीच चढवली. त्यांत त्या मावशी होत्या, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.