‘आर्मागेडन’मधलं भोक, जालन्याच्या मोसंबीवर मोजलेलं

१९९८च्या ‘आर्मागेडन’ सिनेमात टेक्सासएवढा लघुग्रह १८ दिवसांवर येईपर्यंत कुणाला दिसतच नाही. हे अशक्य आहे! लघुग्रहांच्या पट्ट्यातला साधारण ९४० किमी व्यासाचा सेरेस १८०१ मध्येच सापडला होता, तोही त्या काळच्या छोट्या दुर्बिणीतून.

पुढचा सीन त्याहून कच्चा. ८०० फूट, म्हणजे जेमतेम २४० मीटर खोल भोक पाडायचं, आत अणुबॉम्ब ठेवायचा आणि लघुग्रहाचे दोन तुकडे करायचे. आता हिशोब करू. लघुग्रह १००० किमीचा धरा आणि त्याला आपल्या ८ सेंमीच्या मोसंबीएवढा करा. ते भोक उरतं ०.०२ मिमी. साल तरी फुटेल का?

लहान लघुग्रह मात्र खरंच ढकलता येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान सेकंदाला ६ किमी वेगाने सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळलं आणि सोबतच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. मला हे सिनेमापेक्षा थरारक वाटतं.

खरी टक्कर काय करते ते बघायला जालन्याहून मंठ्यावरून लोणारला जा. ते १.८ किमीचं विवर बेसाल्टमध्ये आघातानेच झालंय. तसा पुरावा देणारी मॅस्केलिनाइट काच १९७३च्या संशोधनात नोंदली गेली.