मिसरी, भूक आणि दात

माझी माय मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची आणि उसाच्या फडात पहाटेच्या अंधारात बोटाने दातांवर घासायची. लहानपणी मी विचारले, ‘माय, हे कशाला?’ ती म्हणाली, ‘भूक मरते, लेकरा.’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. तंबाखूतले निकोटिन भूक मारते. पण तीच तंबाखू हिरड्या खाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. चाळिशीतच मायचे पुढचे दात गेले.

आज मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वसतिगृहातल्या मुलामुलींपुढे दातांविषयी बोलायला प्रथम उभा राहिलो, तेव्हा तोंडून पहिला शब्द निघाला, ‘स्वच्छता’. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. ‘सर, म्हणजे आम्ही घाणेरडे, असंच ना?’

मी निरुत्तर झालो. ज्यांनी पाणवठा नाकारला, त्यांनीच आम्हांला अस्वच्छ ठरवले. तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला. हे सारे शिकवणारा मी, व्यवस्थेचाच चाबूक त्या पोरावर उगारून बसलो होतो!

तेव्हापासून मी उपदेश सोडला. कारणे सांगू लागलो. दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरत नाही. दातांवर चिकट थर साचतो, त्यातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. दिवसातून आठ वेळा गोड चहा घेतला, तर हा हल्ला आठ वेळा होतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री दात घासणे सर्वांत महत्त्वाचे. महागडी पेस्ट लागत नाही. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, लगेच चुळा भरू नयेत. फ्लोराइड दातांवर राहिले पाहिजे.

सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पुडी मात्र पोरांच्या खिशात अजून सापडते. म्हणून एकदा वर्गात प्रत्येकाने आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का, ते पाहिले. ज्याने मला प्रश्न विचारला होता, त्याची दोनच मावली. वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरकारी दंत रुग्णालयात गेलो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरी असेच ताबडतोब जावे.

कार्यकर्त्या मित्रांनो, शरीराचे शास्त्र हेही आपल्याला नाकारलेलेच ज्ञान आहे. ते वस्तीवस्तीत नेले पाहिजे. पण मिसरी लावणाऱ्या बाईला दटावण्याआधी तिच्या मजुरीचे विचारा, भाकरीचे विचारा. भूक तशीच ठेवून मिसरी सुटत नाही.